दुरुस्तीची रेघ

हेल्मेटच्या आत माणूस कितीही ओरडला तरी बाहेर कुणाच्या कानावर जात नाही. विनिपेग सोडल्यापासून मी तेच करत होते. एक वाक्य घोकत होते आणि ओरडून घोकत होते. "पाटी मी उभी केली नाही. ओरेस्त प्यायलेला नव्हता."

वाक्य माझं नव्हतं. नेस्टर पान्किव या माणसानं ते रविवारी आमच्या दफनभूमीत, माझ्या भावाच्या थडग्यापाशी उभं राहून, सगळ्या गावासमोर म्हणायचं होतं. म्हातारा एकतीस वर्षं मूग गिळून बसला होता. आता शब्द सापडत नाहीत असं सोंग त्यानं आणू नये, म्हणून मीच तयार वाक्य घेऊन निघाले होते. त्यानं फक्त तोंड उघडायचं होतं.

बाराशे किलोमीटर. शुक्रवारी सकाळी निघायचं, रात्री सास्काटूनला झोपायचं, शनिवारी दुपारी गावात. मोटारसायकल ओरेस्तची. हो, तीच. त्या संध्याकाळी खंदकात सापडली तेव्हा तिचं पुढचं चाक आणि टाकी एकमेकांना टेकले होते. बाबा ती भंगारात देणार होते. मी भांडून ठेवून घेतली. तिच्यासाठीच मी हत्यारं धरायला शिकले, पुढे त्याच हातांवर रेल्वेच्या इंजिनांच्या कारखान्यात पोट भरलं. सांगाडा सरळ करायला मला चार वर्षं लागली. ती उजवीकडे किंचित ओढते अजून, पण चालते.

माळावर वारा आडवा असतो. त्याला झाड आडवं येत नाही, टेकडी येत नाही, की लाज आडवी येत नाही. सरळ रस्त्यावर दिवसभर गाडी तिरकी धरून चालवायची, मान आखडते, आणि मधेच समोरून धान्याचा ट्रक गेला की एक थप्पड बसते. मला त्या दिवशी ती थप्पडही हवीशी वाटत होती. निदान समोरून येऊन मारत होती. आमच्या गावाला तेवढंही जमलं नाही कधी.

यॉर्कटनच्या अलीकडे पेट्रोल भरताना एक म्हातारा टोपी मागे सारून गाडीभोवती फिरला.

"एकटीच?"

"नाही, मागून अख्खी वरात येतेय."

तो हसला. "लांब चाललीस?"

"अल्बर्टा."

"वारा आहे आज."

"दिसतोय."

"तसं काही वाईट नाही म्हणा."

तसं काही वाईट नाही! हे चार शब्द कानावर आले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घर पेटलं तरी आमचा माणूस म्हणेल, तसं काही वाईट नाही, ऊब येतेय. गारांनी पीक झोपलं, तसं काही वाईट नाही. बाबांना हृदयाचा झटका आला तेव्हा त्यांनी आधी ट्रॅक्टर शेडमध्ये लावला, मग आईला म्हणाले, तसं काही वाईट नाही, पण जरा दवाखान्यात जाऊ. कुणाला त्रास द्यायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. या चांगुलपणाखाली किती मढी पुरलीत ते आमचं आम्हाला ठाऊक.

त्या म्हाताऱ्याचा काय दोष? गाडीला लाथ मारली आणि निघाले.

तो झटका आला ते वर्ष. सप्टेंबर, गहू उभा, बाबा एडमंटनच्या दवाखान्यात. ओरेस्त तेवीस वर्षांचा, दोन वर्षं उत्तरेला तेलाच्या विहिरींवर कामाला. मी एकोणीसची, घरी. आमच्याकडे रीत अशी, की घरधनी आडवा झाला तर शेजारी स्वतःची कापणी थांबवून त्याची करतात. बोलवावं लागत नाही. सकाळी दव उडायच्या आत नऊ हार्वेस्टर ओळीनं आले, पुढे नेस्टर. बायका कोबीच्या पानातले भाताचे रोल आणि फळं भरून भाजलेले गोड पाय घेऊन आल्या. चाळीस माणसं जेवली. मी ट्रक चालवत होते, गव्हाच्या खेपा गावातल्या कोठारात टाकत होते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, हे कबूल करायला हवं. बाबा दवाखान्यात आणि मी खिडकीत कोपर टेकवून रेडिओ मोठ्यानं लावलेला, सगळे पुरुष म्हणतायत, पोरगी काय ट्रक हाणते! शेवटच्या खेपेला निघाले तेव्हा आई ट्रकच्या खिडकीशी आली, जांभळ्या बोरांच्या पायचा तुकडा माझ्या हातात दिला, नेहमीप्रमाणे दहा सूचना केल्या. मी "हो, हो" म्हटलं आणि क्लच सोडला.

बाबांचं कळल्यावर ओरेस्त सुट्टी काढून घरी यायला निघाला होता. आलेल्या लोकांसाठी पिशवीत बिअरच्या सहा बाटल्या घेऊन. दिवस मावळताना, गावापासून चार मैलांवर, दुरुस्तीच्या रेघेवर तो गेला.

हे सांगायला हवं. आमचे रस्ते मोजणीदारांनी पट्टी ठेवून आखलेत, पण पृथ्वी गोल, उत्तरेला निमुळती; सरळ रेघा जवळ जवळ सरकतात. म्हणून दर चोवीस मैलांवर उत्तरेकडे जाणारा प्रत्येक रस्ता एका आडव्या रस्त्याला जाऊन थांबतो, थोडा डावीकडे सरकतो आणि मग पुन्हा उत्तरेला लागतो. तो आडवा रस्ता म्हणजे दुरुस्तीची रेघ. तिथं समोर खंदक असतो आणि खंदकाच्या कडेला काळ्या-पिवळ्या चौकटींची मोठी पाटी. आमच्याकडे एक मैल दुसऱ्या मैलासारखाच दिसतो. गावातला माणूसही मैल मोजत नाही, पाटी दिसली की वेग कमी करतो. रोज जाणाऱ्याचे हात आपोआप वळतात. मी त्या दिवशी पाच वाजता तिथूनच घरी आले; वळणाकडे पाहिलंही नव्हतं. पण ओरेस्त दोन वर्षांनी येत होता, आणि हवेत दिवसभराच्या कापणीची धूळ.

सकाळी पोलीस मोजायला आले तेव्हा पाटी जागेवर उभी होती. मोटारसायकल बिअरमध्ये भिजलेली. गाव म्हणालं, प्यायला होता. आई म्हणाली, प्यायला होता. आणि तिथून पुढे, दर वर्षी ईस्टरनंतर पाद्री थडग्यांना आशीर्वाद द्यायला येतो, तेव्हा आई आजीपाशी थांबायची, आजोबांपाशी थांबायची, पुढे बाबा गेले तर त्यांच्यापाशी थांबायची, आणि ओरेस्तवरून मान खाली घालून पुढे जायची. ज्या थडग्यापाशी घरचं कुणी मेणबत्ती घेऊन उभं नाही, तिथं पाद्री चालता चालता पाणी शिंपडतो, गाणं म्हणत नाही. एकदा मी एकटी थांबले तर आईनं माझं मनगट धरून ओढून नेलं. त्या वर्षी मी विनिपेगला निघून गेले, आणि आशीर्वादाच्या त्या रविवारी पुन्हा कधी आले नाही.

आणि आता, मार्चमध्ये, झोन्याकाकूचं पत्र. झोन्याकाकू म्हणजे नेस्टरची बायको. ती हिवाळ्यात वारली. पाककृतींच्या डब्यात माझ्या नावाचं पाकीट निघालं, तिच्या मुलीनं पाठवलं. "लेसिया, त्या संध्याकाळी पाटी उभी नव्हती. हार्वेस्टर वळत नव्हते म्हणून नेस्टरनं सकाळी उपटून गवतात ठेवली होती. रात्री कळल्यावर त्यानंच जाऊन परत ठोकली, पोलीस उजेडात मोजायला यायच्या आत. काचा मी वेचल्या. सहाही बाटल्यांची झाकणं लागलेली होती. मला आता देवासमोर जायचंय."

देवासमोर जायचंय म्हणून! एकतीस वर्षं, मी गावी आले की, चर्चच्या हॉलमध्ये माझ्यासमोर बसून सूप प्यायली, तेव्हा देव कुठे गावाला गेला होता?

शनिवारी तीनच्या सुमाराला मी त्या वळणावर पोहोचले. उतरले. पाटी नवी होती, लोखंडी खांबावर. तिला बुटानं एक लाथ घातली. तिचं काही झालं नाही, माझा अंगठा मात्र ठणकायला लागला. मग डावीकडे, मग उजवीकडे, दोन मैल, नेस्टरचं अंगण.

तो शेडमध्ये पेरणीयंत्र धूत होता. एकोणऐंशीचा झालाय, खांदे उतरलेत. मला पाहून त्यानं पाण्याचा नळ बंद केला, मोटारसायकलकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"लेसिया. बस. काही खाल्लंस का?"

"मी जेवायला आले नाही." मी पत्र त्याच्या छातीवर धरलं. "वाचा. बायकोचं अक्षर ओळखता ना?"

चष्मा शोधला, लावला, वाचलं. घडी नीट घालून परत दिलं.

"पाटी मी उपटली," तो म्हणाला. "खरंय."

"आणि रात्री चोरासारखे जाऊन ठोकलीत."

"तेही खरंय."

"मग उद्या हे सगळ्यांसमोर बोलायचं. मी वाक्य आणलंय. 'पाटी मी उभी केली नाही. ओरेस्त प्यायलेला नव्हता.' म्हणा बघू एकदा."

"ते मला म्हणता येणार नाही."

"का? जीभ झडते?"

"पोरी, रीत काय आहे आपली? पाटी कुणीही उपटो, शेवटच्या गाडीनं उभी करायची."

"रीत मला शिकवू नका! शेवटचे तुम्ही."

"मी तीनला यंत्रं घेऊन गेलो. माझा गहू उभा होता." त्यानं ओले हात पँटला पुसले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिला. "जाताना जिला सांगायचं तिला सांगून गेलो."

"कुणाला?"

"तुझ्या आईला विचार."

"म्हातारीवर ढकलता? लाज नाही वाटत? काकू मेल्या तरी खरं बोलल्या, तुम्ही जिवंतपणी—"

"लेसिया," तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "मी शब्द दिलाय. झोन्यानं तिचा मोडला, माझा मी मोडणार नाही. आईला विचार."

मी त्याला जे जे बोलले ते इथं लिहीत नाही. ऐकून घेतलं त्यानं सगळं. निघताना म्हणाला, "डाव्या बाजूचं तेल गळतंय बघ तुझ्या गाडीचं." वाटलं, पाना फेकून मारावा.

आई चौदा मैलांवर वृद्धनिवासात असते. चौऱ्याऐंशीची, पण डोकं घड्याळासारखं. त्या चौदा मैलांत मी वाक्य घोकलं नाही. मोजत होते. तीनला हार्वेस्टर गेले. बायका भांडी घेऊन साडेतीनला. मग मागे राहिलं कोण? मोजणी एका आकड्यावर येऊन थांबायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. इतका राग मला वाऱ्याचाही आला नव्हता जितका त्या मोजणीचा आला.

आई स्वयंपाकघरात लांब टेबलाशी बसली होती. रविवारच्या जेवणासाठी बटाट्याचं सारण भरून पिठाच्या पाऱ्यांच्या कडा चिमटत होती. बाकीच्या बायका कॉफीला गेल्या होत्या. समोर दोनेकशे गोळे झालेले, ओळीत मांडलेले.

"हात धू आणि बस," ती म्हणाली. "केस काय झालेत! एकटी आलीस त्या भूतावर?"

"मामो," आईला मी अजून लहानपणीचीच हाक मारते, "पाटी उभी करायला नेस्टरनं तुला सांगितलं होतं?"

तिचा हात थांबला नाही. एक कड चिमटली, दुसरी घेतली.

"झोन्यानं लिहिलं ना? मला वाटलंच. मरताना तिला फार पुळका यायचा सगळ्यांचा."

"सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं."

"आणि तू विसरलीस." माझा आवाज चढला. "तू विसरलीस, आणि आपल्या पोराला दारुडा ठरवलंस! पोलिसानं विचारलं तेव्हा 'पितो' म्हणालीस, मी स्वतः ऐकलंय, मी दारात उभी होते. स्वतःची चूक झाकायला मेलेल्याच्या तोंडाला काळं फासलंस? आई आहेस की कोण?"

"ओरडू नकोस. तिकडे बायका आहेत."

"ऐकू देत! सगळ्यांना ऐकू देत!"

आईनं हातातला गोळा खाली ठेवला. पिठाचे हात मांडीवरच्या फडक्याला पुसले, आणि माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ तिनं माझ्याकडे किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मी विसरले नाही," ती म्हणाली. "शेवटची गाडी तुझी होती. मी पायचा तुकडा घेऊन आले तेव्हा सांगितलं. घरी येताना रेघेवर थांब, पाटी उभी कर, तू शेवटची आहेस. दोनदा सांगितलं. तू हो म्हणालीस."

रेडिओवर कुठलं गाणं होतं ते मला आठवत होतं. पायचा तुकडा अजून गरम होता, रस बोटावरून मनगटापर्यंत आला होता, तो मी चाटला, तेही आठवत होतं. आईचं तोंड हलताना दिसत होतं. आणि मी हो, हो म्हणाले होते.

"पोलिसानं विचारलं, पितो का. तू दारात होतीस. तुझ्या बाहीवर पायचा डाग होता. मी म्हटलं, एक गेलाय. मेलेल्याला कुणी काही करू शकत नाही. जिवंत पोरीला हे कळलं तर ती त्याच खंदकात जाऊन पडेल. म्हणून म्हटलं, पितो." तिनं पुन्हा गोळा उचलला. "रात्री नेस्टरच्या पाया पडले, म्हटलं जा, ठोकून ये. आणि तोंड उघडू नका, तू नि झोन्या दोघंही."

"आणि थडग्यापाशी थांबायची नाहीस, ते?"

"कोणत्या तोंडानं थांबू? त्याची अब्रू मी दिली तुझ्यासाठी. त्याला विचारलंही नव्हतं."

"एकतीस वर्षं!" मी टेबलावर मूठ आपटली, दहा-बारा कडा उघडल्या. "एकतीस वर्षं मी सगळ्या गावाचा रागराग केला! तुझा केला! मला निदान विचारायचंस तरी, मला काय सोसेल नि काय नाही!"

"रागानं माणूस मरत नाही, लेसिया. दुसऱ्या गोष्टीनं मरतं. तू रागावून का होईना, जगलीस." उघडलेली एक कड तिनं ओढून घेतली आणि पुन्हा चिमटली. "उद्या काही बोलू नकोस. झाकली मूठ राहू दे. माझे किती दिवस उरलेत?"

मी हात धुतले आणि बसले. उघडलेले सगळे पुन्हा चिमटले. बायका परत आल्या, म्हणाल्या, अगंबाई, लेकीला कामाला लावलंस वाटतं! आई म्हणाली, तसं काही वाईट करत नाही.

रविवारी ऊन होतं आणि वारा होताच. माणसं थोडीच उरलीत आता, पंचवीस-तीस. प्रत्येक थडग्यावर ब्रेड, मेणबत्ती बरणीत ठेवलेली, नाहीतर विझते. नेस्टर टोपी हातात घेऊन झोन्याकाकूपाशी एकटा उभा होता. पाद्री तरुण, एडमंटनहून आलेला, कुणालाच ओळखत नव्हता. मी आईला चाकांच्या वॉकरनिशी हळूहळू नेत होते. आजी, आजोबा, बाबा. प्रत्येक ठिकाणी गाणं झालं.

ओरेस्तपाशी आलो तेव्हा आईनं सवयीनं मान खाली घातली. "चल पुढे."

मी थांबले. तिनं माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच आहे तिची. पाद्री पाणी शिंपडून पुढे निघालाच होता.

"फादर, थांबा. इथं घरची माणसं आहेत."

तो वळला. सगळे वळले. मला त्या सगळ्यांचा राग होता, अजूनही होता. तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. त्यांचा, नेस्टरच्या मुक्या इमानाचा, मनगटावरच्या त्या हाताचा, आणि ट्रकमध्ये बोटं चाटत बसलेल्या त्या मूर्ख पोरीचा. तिला ओढून बाहेर काढून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं. पण शब्द शोधावे लागले नाहीत.

"पाटी मी उभी केली नाही," मी म्हणाले. "ओरेस्त प्यायलेला नव्हता."

बाराशे किलोमीटर दुसऱ्यासाठी घोकलं होतं. एक अक्षरही बदलावं लागलं नाही.